सीई, ईएन, एसीसीटी, २२ केएन: रोप्स कोर्सच्या पत्रकातले हे शब्द नेमके कशाबद्दल असतात

सरांनी जे विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो. सहावी ते आठवीचे पोट्टे घेऊन नागपूरपासून तासाभरावरच्या एका ॲडव्हेंचर पार्कला सहल न्यायची आहे, तिथे हाय रोप्स कोर्स आहे, म्हणजे उंच खांबांमधल्या केबल-दोरांवरून चालत जायचा खेळ, झिपलाइन आहे, म्हणजे उतरत्या केबलवरून लटकून घसरत जायचं, आणि मालकाने पत्रक पाठवलंय ज्यावर लिहिलंय "इंटरनॅशनली सर्टिफाइड, सीई अप्रूव्ड, आयएसओ, २२ केएन टेस्टेड, डबल सेफ्टी". आता मुख्याध्यापिका मॅडम विचारून राहिल्या की याचा अर्थ काय आणि पोरांना पाठवायचं का नाही. मी हेच काम करतो, कोर्स बांधणं, तपासणं, तिथल्या स्टाफला शिकवणं, विदर्भात आणि तिकडे मध्य प्रदेशच्या बाजूला, तर थोडं लांबलचक होईल पण वाचून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे ही पाच लेबलं पाच वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत आणि त्यातलं एकही "हा कोर्स सेफ आहे" असं म्हणत नाही. रोप्स कोर्समध्ये चार गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या जातात: अंगावरचं सामान, बांधकाम, चालवायची पद्धत आणि चालवणारी माणसं. कोणी सर्टिफाइड म्हटलं की लगेच विचारायचं, यातलं काय सर्टिफाइड, कोणी केलं, कधी केलं. बहुतेक ठिकाणी असं होतं की हार्नेसवर, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांवर, शिक्का असतो आणि तोच शिक्का मालक तोंडाने पूर्ण पार्कवर मारतो.

सीईपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त झोल तिथेच आहे. सीई म्हणजे युरोपात माल विकायला लागणारं चिन्ह. उंचीवरून पडण्यापासून वाचवणारं सामान, म्हणजे हार्नेस, लॅनयार्ड (हार्नेसला केबलशी जोडणारा छोटा दोर), कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) वगैरे, तिथल्या २०१६/४२५ या नियमात कॅटेगरी ३ मध्ये येतं, म्हणजे सगळ्यात कडक. त्यात कंपनीने घरी बसून शिक्का मारून चालत नाही, बाहेरची मान्यताप्राप्त संस्था लागते आणि त्या संस्थेचा चार आकडी नंबर सीईच्या बाजूला छापलेला असतो, सीई ००८२ असा काहीतरी. नुसतं सीई आहे आणि पुढे काहीच नाही, तर तो हार्नेस बाजूला ठेवायला सांगा, मग तो किती का नवा दिसेना.

त्याच्या खाली ईएन, म्हणजे युरोपियन मानकाचा, नंबर असतो, तो सांगतो की ही वस्तू कोणत्या कामासाठी तपासली. क्लाइंबिंग हार्नेसचा नंबर ईएन १२२७७, आणि त्यात चार टाइप आहेत: ए म्हणजे फुल बॉडी, बी म्हणजे लहान मुलांचा फुल बॉडी, ४० किलोपर्यंतचा, सी म्हणजे कमरेचा, डी म्हणजे छातीचा, जो एकटा कधीच वापरायचा नसतो. तुमच्यासाठी हे महत्त्वाचं आहे कारण सहावीतली बारीक पोरं, ज्यांची कंबर नावालाच असते, त्यांना नुसता सी टाइप घातला आणि पोरगं उलटं झालं तर निसटू शकतं. त्यांना फुल बॉडीच पाहिजे, नाहीतर कमरेच्या सोबत छातीचा जोडून. तिथे गेल्यावर लहान मापाचे फुल बॉडी किती आहेत ते मोजा, वीस पोरं चढवून राहिले आणि लहान हार्नेस चारच असले तर बाकीच्या सोळांना काय घालणार ते विचारा.

आता आपल्याकडचा नेहमीचा जुगाड. इतवारीत लोहा ओळीत जा नाहीतर हिंगणा एमआयडीसीजवळच्या सेफ्टीच्या दुकानात जा, नारंगी पट्ट्यांचा हार्नेस मिळतो, त्यावर आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा नंबर लिहिलेला असतो. तो माल वाईट नाही, अजिबात नाही, पण तो बिल्डिंगवर काम करणाऱ्या माणसासाठी आहे, तो पडला तर अडकून राहावा म्हणून, आणि त्याची मुख्य रिंग पाठीवर असते. रोप्स कोर्सवर पोरगं पाठीच्या रिंगवर लटकलं की तोंड खाली, हात कशालाच पोचत नाहीत, स्वतःला सावरता येत नाही, आणि वरून घाबरलेलं. हेल्मेटचं पण तसंच. कारखान्याचं हेल्मेट ईएन ३९७, त्याची हनुवटीची पट्टी १५० ते २५० न्यूटनच्या (१०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोचा ओढा) मध्ये सुटावी अशीच बनवलेली असते, म्हणजे हेल्मेट कशात अडकलं तर कामगाराचा गळा आवळला जाऊ नये. गिर्यारोहणाचं हेल्मेट ईएन १२४९२, त्याची पट्टी ५०० न्यूटनपर्यंत धरून ठेवायला पाहिजे, कारण पडताना हेल्मेट डोक्यावरून उडून गेलं तर काय कामाचं. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, नंबर आतल्या बाजूला असतो, उलटं करून वाचा.

आयएसओचं पटकन सांगतो. बहुतेक वेळा ते ९००१ असतं, ते ऑफिसच्या कामाच्या पद्धतीचं आहे, त्याचा दोराशी काही संबंध नाही. साहसी पर्यटनाच्या सुरक्षा व्यवस्थापनाचा आयएसओ वेगळा आहे, २११०१, तो २०१४ ला आला. तो असेल तर चांगलं आहे, सर्टिफिकेट मागा आणि त्यावरची तारीख बघा.

मग ते २२ केएन. केएन म्हणजे किलोन्यूटन, एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोचा ओढा, तर २२ म्हणजे सव्वादोन टनाच्या आसपास. ऐकायला लय भारी वाटतं, हत्ती लटकवा म्हणतात. पण हा आकडा एका कॅरॅबिनरचा आहे, तो पण लांबीच्या दिशेने ओढलं आणि गेट, म्हणजे त्याची उघडणारी बाजू, बंद असलं तरच. त्याच कॅरॅबिनरच्या अंगावर बारीक कोरलेली तीन चित्रं असतात, एक लांबीला, एक आडवं, एक गेट उघडं असताना. आडवा ओढा आला किंवा गेट उघडं राहिलं की तो आकडा ७-८ वर येतो. म्हणजे तिथल्या पोराने स्क्रू फिरवून लॉक केलंच नाही आणि गेट उघडलं तर तुमच्या २२ मधले १४-१५ तिथेच गेले. म्हणून मुलांच्या कोर्सवर आपोआप लॉक होणारे चांगले, किंवा ते जोडीचे हुक मिळतात ज्यात एक केबलला लागल्याशिवाय दुसरा उघडतच नाही.

आणि "टेस्टेड" म्हणजे काय? २२ ला तो तुटतो, किमान तेवढं सहन करून तुटतो, याला ब्रेकिंग स्ट्रेंथ म्हणतात. रोज वापरायचा भार त्याच्या खूप खाली ठेवतात, त्याला वर्किंग लोड म्हणतात, आणि दोन्हीच्या मधलं जे प्रमाण असतं तो सेफ्टी फॅक्टर. वायर रोपला नेहमीच्या कामात ५ ने भागायची पद्धत आहे. मालक तुम्हाला ब्रेकिंगचा आकडा सांगतो, तुम्ही वर्किंगचा विचारा.

आता जो मुद्दा कोणीच विचारत नाही तो, केबलचा. घरी कपडे वाळत घालायची तार आपण कितीही ताणली तरी एक ओली चादर टाकली की खाली येते आणि कधीकधी खिळाच उपटतो, तेच इथे होतं. समजा दोन खांबांमध्ये २० मीटर अंतर आहे, ८० किलोचा माणूस बरोबर मधे उभा आहे आणि केबल त्याच्या वजनाने एक मीटर खाली आली. तर केबलमध्ये ओढा येतो साधारण ४०० किलो. तीच केबल जास्त ताणून ठेवली आणि अर्धाच मीटर खाली आली, तर ८०० किलो. अजून कसली आणि फक्त २० सेंटिमीटर खाली आली, तर २००० किलो. माणूस तोच, वजन तेच, आणि हे तो नुसता शांत उभा असताना, उड्या मारताना नाही. हिशोब सोपा आहे, वजन गुणिले अंतर भागिले झोळाच्या (केबल जितकी खाली आली त्याच्या) चौपट, कोणी पण मोबाइलवर करू शकतो. पण गंमत अशी की रिसॉर्टवाल्याला सरळ ताणलेली केबल "प्रोफेशनल" दिसते, झोळ पडलेली केबल ढिली वाटते, तो मिस्त्रीला म्हणतो अजून कस, आणि मिस्त्री टर्नबकल, म्हणजे केबल ताणायचा स्क्रू, फिरवत जातो. तिथे उभं राहून बघा, माणूस मधे गेल्यावर केबल दिसेल इतकी खाली येते का. गिटारच्या तारेसारखी तशीच राहिली तर बांधणाऱ्याचं डिझाइन मागा, कागदावर, खांब आणि अँकर, म्हणजे केबलची टोकं पक्की केलेल्या जागा, किती ओढ्यासाठी केलेत ते लिहिलेलं.

केबलच्या टोकाला बघायची एक गोष्ट सांगतो, ती कोणालाही जमते. केबल वळवून मागे आणतात आणि यू आकाराच्या क्लिपांनी बांधतात, बाजारात त्याला बुलडॉग क्लॅम्प म्हणतात. प्रत्येक क्लिपला दोन भाग असतात, एक खाचांचं बूड आणि एक गोल यू बोल्ट. बूड नेहमी भार घेणाऱ्या लांब केबलवर यायला पाहिजे आणि यू बोल्ट उरलेल्या छोट्या टोकावर, कारण यू बोल्ट केबल चेपतो आणि चेपायचीच तर बिनकामाची बाजू चेपायची. मी कित्येक ठिकाणी बघतो की एक क्लिप अशी एक तशी, दिसायला छान, डिझाइनसारखी, पण चूक. १२-१३ मिमीच्या केबलला किमान ३ क्लिपा लागतात, मधलं अंतर आणि नट किती कसायचा ते कंपनीच्या तक्त्यात असतं, आणि पहिल्यांदा भार आल्यावर परत कसावे लागतात, कारण केबल थोडी बारीक होते. टोकाच्या वळणात थिंबल, ती लोखंडी खाच, नसेल तर तिथे केबल मोडते. फोटो काढून आणा, झूम करून बघता येतं, स्टाफला काही विचारायची पण गरज नाही.

"इंटरनॅशनली सर्टिफाइड" मध्ये बांधकामाचा स्टँडर्ड येतो. युरोपात ईएन १५५६७ आहे, त्याचे दोन भाग, पहिला बांधकाम आणि सुरक्षेचा, दुसरा चालवण्याचा. अमेरिकेत एसीसीटी म्हणून रोप्स कोर्सवाल्यांची संघटना आहे, १९९३ पासूनची, तिचा स्टँडर्ड अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकांच्या यादीत आहे, एसीसीटी ०३-२०१६ हे त्यातलं लोकांच्या तोंडी असलेलं नाव. तिथेच पीआरसीए नावाची दुसरी संघटना आहे, तिचा पण वेगळा स्टँडर्ड, आणि वरून एएसटीएम या मानकं बनवणाऱ्या संस्थेचा एफ २९५९ आहे जो अम्यूझमेंट राइडवाल्यांच्या कमिटीतून आला. म्हणजे एकाच गोष्टीला तीन घरं, शब्द पण थोडे थोडे वेगळे, म्हणून आपल्याकडच्या ब्रोशरमध्ये सगळी खिचडी होते. तुमच्या कामाचं एवढंच की एसीसीटी बांधणाऱ्या आणि तपासणाऱ्या कंपन्यांना मान्यता देते. आणि नुसतं मेंबर असणं वेगळं, पैसे भरले की मेंबर होता येतं, मान्यताप्राप्त व्हेंडर असणं वेगळं. "आम्ही एसीसीटी मेंबर आहोत" असं म्हटलं तर हसून "तपासणीचा रिपोर्ट दाखवा" म्हणायचं.

तो रिपोर्ट म्हणजे सगळ्यात कामाचा कागद. कोर्स नवीन बांधला की पहिल्या वापराआधी एक तपासणी होते, मग वर्षातून एकदा बाहेरच्या जाणकार माणसाकडून, मधे काही महिन्यांनी स्टाफची सविस्तर, आणि रोज सकाळी गेट उघडायच्या आधी नजरेची. चारही वेगळ्या आहेत. वर्षाची तपासणी ज्याने बांधलं त्यानेच करून स्वतःलाच शाबासकी दिली तर मला ती अर्धीच वाटते, काही ठिकाणी चालवून घेतात, मी नाही घेत. रिपोर्टमध्ये दोष लिहिलेले असायला पाहिजेत. सगळीकडे "ओके ओके ओके" असेल तर तो माणूस खांबावर चढलाच नाही समजा. आणि रोजच्या लॉगबुकात सगळ्या सह्या एकाच पेनने, एकाच बैठकीत केलेल्या दिसल्या तर ते पण कळतं हो.

नागपूरचं म्हणून एक वेगळं सांगायला पाहिजे, कारण हे स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनी आपला मे महिना बघितलेला नाही. नायलॉनच्या सामानाला कंपन्या सहसा बनल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं देतात, पण ते कपाटात ठेवलेल्या मालाचं, इथे ४५ डिग्रीच्या उन्हात दिवसभर खांबावर बांधून ठेवलेल्या स्लिंगचं, म्हणजे शिवलेल्या पट्टीच्या फासाचं, नाही. रंग उडाला, हाताला कडक लागली, वरचे धागे भुरभुरीत झाले की संपली, तारीख काहीही असो. पट्टीच्या शिवणीत बनवल्याचं वर्ष लिहिलेलं असतं, लेबल झिजून वाचताच येत नसेल तर ती वस्तू वापरायचीच नसते. लाकडी खांब असतील तर बुडाशी माती उकरून वाळवी बघा, आपल्याकडे वरून सागवान ठणठणीत आणि खाली भुसा असं होतं. जिवंत झाडांवर कोर्स असेल तर झाडांची तपासणी झाडं कळणाऱ्याकडून झालेली पाहिजे, मिस्त्रीकडून नाही. आणि उन्हाळ्यात दुपारी दोनला लोखंडी कॅरॅबिनर पोराच्या हाताला चटका देतो, पोरगं हात झटकतं, म्हणून सहल न्यायचीच तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी.

झिपलाइनबद्दल फक्त ब्रेक. मुख्य ब्रेक असतो आणि इमर्जन्सी ब्रेक असतो, आणि इमर्जन्सी ब्रेक म्हणजे मुख्य ब्रेक चुकला तर पोराने काहीही न करता आपोआप लागणारा. "आमचा माणूस खाली दोर धरून थांबवतो" हा मुख्य ब्रेक झाला. "नाही थांबलं तर समोर गादी बांधली आहे" हे वेगात येणाऱ्या पोरासाठी इमर्जन्सी ब्रेक म्हणून मला मान्य नाही. हलकं पोरगं मधेच अडकतं आणि जड माणूस सुसाट जातो, म्हणून वजनाची वरची आणि खालची दोन्ही मर्यादा लिहिलेली पाहिजे, खालची बहुतेक ठिकाणी नसतेच. पाऊस पडून गेला असेल तर ओल्या केबलवर वेग बदलतो, त्याचं काय करता ते पण विचारा.

"डबल सेफ्टी" हा शब्द तर कुठल्या स्टँडर्डमध्ये नाहीच. त्यांचं म्हणणं दोन लॅनयार्ड आहेत असं असतं. ठीक आहे, पण एका खांबावरून दुसऱ्या केबलवर जाताना एक काढून दुसरा लावायचा, दोन्ही एकदम काढायचे नाहीत, हे पोराला शिकवलंय का आणि कोण बघतंय? आणि दोन्ही लॅनयार्ड शेवटी एकाच केबलला, ती केबल एकाच बोल्टला, तर बोल्ट गेला की डबल पण गेलं.

कोण बघतंय याला ईएन १५५६७ च्या दुसऱ्या भागात नीट नावं आहेत. लेव्हल १ म्हणजे इन्स्ट्रक्टर हात लावून चूक थांबवू शकतो इतका जवळ. लेव्हल २ म्हणजे पोरगं त्याला स्पष्ट दिसतं आणि तोंडाने सांगून थांबवता येतं. लेव्हल ३ म्हणजे तो परिसरात आहे, गरज पडली तर मदतीला येईल. शाळेच्या पोरांना पहिल्यांदा हुक लावायला शिकवताना मी लेव्हल १ च्या खाली ऐकत नाही, जमायला लागल्यावर लेव्हल २. लेव्हल ३ मोठ्यांसाठी. मालकाला हे शब्द माहीत नसतील तरी चालेल, पण "एका इन्स्ट्रक्टरकडे किती पोरं आणि तो कुठे उभा असतो" याचं उत्तर त्याला लगेच देता आलं पाहिजे. खालून दोर धरून पोराला सांभाळायची पद्धत असेल, ज्याला बिले म्हणतात, तर दोर धरणाऱ्याच्या हातात मोबाइल नसावा, बस.

आता आपल्याकडचे नियम. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने ॲडव्हेंचर टूर ऑपरेटर्सच्या संघटनेसोबत २०१८ मध्ये गाइडलाइन काढल्या, त्यात झिप वायर आणि हाय रोप्स कोर्सचा भाग आहे, पण त्या नुसत्या गाइडलाइन आहेत, कायदा नाही. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण जीआर काढून आणलं, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं बंधनकारक आहे. आधी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, मग अंतिम. तेव्हा दोन्हीपैकी कोणतं आहे आणि त्यावर रोप्स कोर्स लिहिलाय की फक्त कॅम्पिंग, हे वाचा, आणि शंका आली तर नागपुरातच संचालनालयाचं विभागीय कार्यालय आहे तिथे विचारा. आणि पालकांच्या सहीचा तो इंडेम्निटी फॉर्म, म्हणजे काही झालं तर पार्कची जबाबदारी नाही असं लिहून घेतात तो, तो जरूर घ्या, पण त्याने निष्काळजीपणा माफ होतो असं कोणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

माझं म्हणणं, सहलीच्या आधी एखाद्या साध्या दिवशी दोन शिक्षकांनी जाऊन यावं, न सांगता नाही, सांगूनच, आणि एक काम करून दाखवायला सांगावं: त्यांच्याच एका स्टाफने मधल्या केबलवर जाऊन सुटायचं, हातपाय न हलवता हार्नेसमध्ये लटकून राहायचं, आणि बाकीच्यांनी त्याला खाली आणायचं. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच त्रास सुरू होतो, म्हणून रेस्क्यूचा किट वर किंवा खांबाच्या बुडाशी तयार पाहिजे, ऑफिसच्या कुलपात नाही. ते एकमेकांकडे बघायला लागले, शिडी शोधायला पळाले, किल्ली कोणाकडे आहे विचारायला लागले, तर मॅडमना सांगा हाय रोप्स नाही.

मग पोरं नाराज होतील तर त्याच पार्कला लो रोप्स करायला सांगा, म्हणजे जमिनीपासून फूट-दीड फुटावरचे दोर आणि फळ्या. तिथे हार्नेस लागत नाही, तिथे पोरंच एकमेकांना सांभाळतात, त्याला स्पॉटिंग म्हणतात: एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, हात वर, नजर चढलेल्या पोराच्या पाठीवर आणि डोक्यावर. पडणाऱ्याला झेलायचं नाही, त्याचं डोकं आणि पाठ आपटणार नाही इतकं थोपवायचं. आधी शाळेच्या ग्राउंडवर दोन पीटीच्या तासांना सराव करून घ्या, आठवीची पोरं तर एका तासात शिकतात.